सोनाजीच्या मंडळीची यादी

माझा धंदा मंडपाचा. 'शिवकन्या मंडप डेकोरेशन' असं बायकोचं नाव दिलंय. त्यातून तिला काय मिळतं, तर मळक्या कनाती धुवायला. हिंगोलीत बारसं असो, वलीमा असो, सप्ता असो की तेरावं, खुर्ची बहुतेक माझीच असते. त्यामुळे माणूस मी खुर्च्यांवरून ओळखतो. पाचशे सांगणारा नगरसेवक, दोनशे सांगणारा पोरीचा बाप. सोनाजी पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्यानं पाच सांगितल्या.

"पाच खुर्च्यांचा कसला कार्यक्रम रे?" मी म्हणालो. "सत्यनारायणाला याच्यापेक्षा जास्त लागतात."

"उपासना हाय, भाऊ. रविवारची. आमी नवी मंडळी सुरू करून राहिलो."

"माणसं किती?"

"चार."

"मग पाच कशाला?"

"एक येणाऱ्यासाठी," तो म्हणाला, आणि असा हसला की मला भाडं सांगायचीच लाज वाटली. पाच खुर्च्यांसाठी टेम्पो काढणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यानं दोन डोक्यावर घेतल्या, तीन सायकलला बांधल्या आणि निघाला. ही गोष्ट करोनाच्या पाच-सहा वर्षं आधीची.

सोनाजी मूळचा जवळा बाजारचा. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायला आला आणि इथलाच झाला. बायको मंजुळा एकदा फार आजारी पडली, नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर होती. शेजारच्या खाटेवरच्या ख्रिस्ती म्हाताऱ्यानं तिच्यासाठी रोज प्रार्थना केली आणि ती बरी झाली. डॉक्टरनं बरी केली की देवानं, यावर माझा आणि सोनाजीचा वाद आजही चालू आहे. त्याला मात्र तेव्हापासून दुसरा देव सुचला नाही. पुढे नागपूरच्या कुठल्याशा संस्थेनं त्याला तीन महिने शिकवलं. शहर धरा, असं तिथे सांगत. खेड्यात माणसाला भावकी असते, शहरात तो एकटा पडतो, आणि एकट्याला मंडळी लागते. हे ऐकून सोनाजी हिंगोलीत परतला. हिंगोलीला शहर म्हणणारा मला भेटलेला तो पहिलाच माणूस.

मोंढ्यामागे मकबूलभाईचं बारदान्याचं गोदाम होतं. त्यातली एक खोली रिकामी होती. तिथे सोनाजीनं चुना मारला, भिंतीवर लाकडाचा क्रूस ठोकला आणि ढोलकी आणली. आठवडाभर पोती उचलायची आणि रविवारी पांढरा शर्ट घालून पास्टर व्हायचं. गावात कुजबुज झालीच. याला अमेरिकेतून पैसा येतो म्हणे. मी लोकांना विचारायचो, अमेरिकेतून पैसा येणारा माणूस खुर्च्या डोक्यावर नेतो का? पण कुजबुजीला उत्तर नको असतं, तिला फक्त पुढे जायचं असतं.

त्या पाचव्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली ती चतुराबाई.

ती मोंढ्यात हळद निवडायला जायची. साठीच्या घरातली बाई, हातांना कायमचा पिवळा रंग, जीभ मात्र मिरचीची. रविवारी बाजारातून जाताना पाय दुखले, दार उघडं दिसलं, खुर्ची रिकामी दिसली, म्हणून ती आत जाऊन बसली. मला तिनंच सांगितलं होतं, "भागवत, मले वाटलं कोनाची तरी सभा हाय, च्या भेटंल. च्या तर न्हाई भेटला, पन कोनी उठ बी म्हनलं न्हाई."

जन्मात तिला कोणी खुर्चीवर बसवलं नव्हतं. ज्या वस्तीत ती जन्मली, त्या वस्तीच्या माणसाला खेड्यात ओट्याखाली बसावं लागे. चतुराबाई दुसऱ्या रविवारी आली, तिसऱ्या रविवारी दोघींना घेऊन आली. त्या वर्षी पावसाळा सरता सरता कयाधूला पाणी होतं, तेव्हा सोनाजीनं तिला नदीत उभं करून बाप्तिस्मा दिला. मी काठावर होतो, कारण वल्ल्या कपड्यांनी बसायला खुर्च्या माझ्याच होत्या. पाण्यातून वर आली तेव्हा ती लहान पोरीसारखी हसत होती.

पुढे खुर्च्या वाढत गेल्या. बारा झाल्या, वीस झाल्या, करोनात पुन्हा सहावर आल्या, मग एकदम अठ्ठावीस. दर रविवारी माणसांपेक्षा एक जास्त, हा नेम त्यानं मोडला नाही. चौतीस माणसं झाली तेव्हा रेल्वे स्टेशनच्या बाजूला दुसरा गट सुरू करायचा, असं त्याच्या मनात होतं. महिन्याच्या शेवटी नागपूरला फॉर्म जायचा. त्यात एकच रकाना महत्त्वाचा: एकूण संख्या. नावं कोणी मागत नव्हतं.

आणि सोनाजीनंही नावं कधी कुठे लिहिली नाहीत. ही त्याची चूक, आणि ती त्यानं मायेपोटी केली.

त्याच्या मंडळीतले बहुतेक सगळे चतुराबाईच्याच वस्तीतले. कायदा असा की कागदावर ख्रिस्ती लिहिलं की जातीची सवलत गेली. पोरांची स्कॉलरशिप गेली, होस्टेल गेलं, घरकुल गेलं. म्हणून सोनाजी सगळ्यांना सांगायचा, "दाखल्यावर हाय तेच राहू द्या. शाळेत काई बोलू नका. देवाला समदं ठाऊक हाय." बाप्तिस्म्याची नोंद नाही, रजिस्टर नाही, ग्रुप फोटो नाही. मी एकदा म्हणालो, "अरे, भजनी मंडळाचीसुद्धा वही असते. तुझ्या मंडळीची यादी कुठंय?"

त्यानं बोट वर केलं. "वर हाय, भाऊ. जीवनाच्या पुस्तकात."

"तिथली झेरॉक्स मिळते का?" मी म्हणालो. दोघंही पोट धरून हसलो. आज ते हसणं आठवलं की मला माझीच चीड येते.

मेल्यावर आपल्याला जाळलेलं चतुराबाईला नको होतं. तिच्या घरात जाळायची रीत, पण तिचं म्हणणं वेगळं. "मले पान्याखाली घातलं अन् वर काढलं. तसंच मातीखाली घाला. त्यो देव परत आला की मले उठायचं हाय. जाळलं तर मी उठू कशी?" हे ती भाजीवालीला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना सांगायची. सोनाजीनं एका रविवारी भर उपासनेत शब्द दिला की मंडळीची स्वतःची जागा होईल आणि पहिली नोंद चतुरामावशीची असेल. तेव्हापासून तिचा एकच घोशा. खोलीत पाय टाकला की, "पास्टर, जागा झाली का?"

मरणाची घाई काहून, असं तो थट्टेनं म्हणायचा. पण मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिला धाप लागायला लागली. हळदीच्या धुळीत आयुष्य गेलेलं, छाती पार आत गेली होती. आता थट्टा संपली.

दफनभूमीच्या जागेचा अर्ज घेऊन तो एका ऑफिसात गेला. मी बरोबर होतो, कारण कागद म्हटला की सोनाजीला घाम फुटतो. तिथला साहेब सभ्य निघाला. बसा म्हणाला, पाणी दिलं. मग नोंदी बघून म्हणाला, "तुमच्या समाजाची शहरात नोंद दिसत नाही. किमान पंचवीस लोकांची यादी आणा. नाव, पत्ता, आधार, धर्म आणि सही. मग फाईल पुढे सरकेल."

ऑफिसात पळसाला पाने तीनच असं मी घरून म्हणून निघालो होतो. पण साहेबाचं काय चुकलं, सांगा. कागदावर जी माणसंच नाहीत, त्यांना मरायला जागा कोण देणार?

पंधरा दिवस माझ्या गाडीवर मागे बसून सोनाजी घरोघर फिरला. मांडीवर वही, तीत एक कोरा कागद, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'ख्रिस्ती मंडळी, हिंगोली'. नाही असं कोणीच म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कोणी चहा ठेवला, कोणी गुडघे टेकून प्रार्थना केली. मग गुलाबसिंग म्हणाला, पोराची बारावी होऊ द्या. खेमा म्हणाली, मालकाला विचारते, आणि तिचा मालक दुसऱ्या दिवशी म्हणाला, खेमाला विचारतो. एकानं तर पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, "पास्टर, तुमीच तर सांगितलं व्हतं का कागदावर लिहू नगा."

सोनाजीनं वही मिटली. गाडीवर बसला, आणि बसस्टँडपर्यंत आल्यावर मागून म्हणाला, "बराबर बोलला त्यो."

मी चिडलो होतो. ब्रेक मारला आणि म्हणालो, "मग पहिली सही तुझी कर की! पास्टर तू. तुझंच नाव नाही तर दुसऱ्याचं कसं येईल?"

तो खाली उतरला. रस्त्याच्या कडेला उभा राहिला, वही छातीशी धरून. त्याची मोठी पोरगी नांदेडला नर्सिंगला होती, जातीच्या दाखल्यावर. फी माफ, होस्टेल माफ. एक वर्ष राहिलं होतं. मला हे माहीत होतं. माहीत असून मी बोललो.

"भाऊ," तो म्हणाला, "रोज सकाळी पेन उचलतो. मंजुळा काई बोलत न्हाई, नुस्ती बघत ऱ्हाती."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी त्याला पुन्हा गाडीवर बसवलं आणि आम्ही मोंढ्यात आलो.

यादीवर नाव आलं ते एकच. चतुराबाईनं आपणहून वही मागून घेतली. अंथरुणावर उठून बसली, नातवाच्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. पुढे सोनाजीनं लिहिलं, 'चतुराबाई, वय ७१, धर्म ख्रिस्ती'. घरकुल तिच्या नावावर होतं, अर्धं बांधून झालेलं.

"मावशी, घर जाईल," तो म्हणाला.

"मी तर चालले. घर काय संगं नेऊ?" ती म्हणाली. "आता चोवीस ऱ्हायले ना? होतील. तुमी एक खुर्ची जास्त मांडता, तवाच तर मी आले."

तिचा मुलगा सोमेश्वर दारात उभा होता. तो मंडळीत नव्हता, पण आईला रविवारी गाडीवर आणून सोडायचा. त्यानं कागदाकडे बघितलं आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "भागवतकाका, त्यो कागद हापिसात जाऊ देऊ नका. पाया पडतो." मी सोनाजीला सांगितलं. एका अंगठ्यानं फाईल हलणार नव्हती आणि त्याच अंगठ्यानं घर मात्र हललं असतं. कागद सोनाजीच्या बायबलात जाऊन बसला.

फेब्रुवारीत, मोंढ्यात नव्या हळदीची आवक सुरू झाली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाला चतुराबाई गेली. सोमेश्वरचा फोन आला, कनात आणि पन्नास खुर्च्या. मी स्वतः टेम्पोत बसून गेलो. सोनाजी पोती टाकून तसाच आला होता, अंगभर पिवळी धूळ. मंडळीतली माणसंही आली होती. पण ती भावकीतच मिसळून बसली होती, त्यामुळे कोण कुठला ते कळत नव्हतं.

भावकीतले म्हातारे लाकडं सांगा म्हणत होते. मला वाटलं आता भांडण होणार. आणि खरं सांगतो, भांडण व्हावं असं मला वाटत होतं. सोमेश्वर ओरडला असता, म्हातारे अडवून बसले असते, तर सोनाजीला कोणाशी तरी लढता आलं असतं.

सोमेश्वर सोनाजीसमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पास्टर, आईचं म्हननं मले ठाऊक हाय. जाळायचं न्हाई म्हनली व्हती. मी भावकीचं ऐकत न्हाई. तुमी जागा सांगा. आत्ता उचलतो अन् तिथं नेतो."

सोनाजीनं कपाळावरची पिवळी धूळ पुसली.

"सांगा की. कुठं पुरू?"

सगळी वस्ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. चौतीस माणसांची मंडळी उभी केलेला माणूस, त्याच्याकडे सहा फूट जमीन नव्हती. मी खाली बघितलं. मला ते बघवलं नाही.

"दोन तास दे मले," सोनाजी म्हणाला.

पहिल्यांदा मकबूलभाईला फोन लागला. तो बिचारा तडक कब्रस्तानच्या कमिटीकडे गेला आणि अर्ध्या तासात परतला. "सोनाजी, माफ कर भाई. हमकोच जगा पुरती नही. बडे लोगां बोले, बाहर का एक लिया तो कल कितनोंको ना बोलेंगे." त्यांचंही खोटं नव्हतं. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चला फोन. तिथे ब्रिटिशांच्या वेळची दफनभूमी आहे. तिथले वडीलधारे गृहस्थ शांतपणे बोलले. दुःख झालं म्हणाले. मग म्हणाले, "आणा, आम्ही माती देऊ. फक्त बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा पाठवा. नोंद क्रमांक, तारीख, शिक्का. त्याशिवाय आमची कमिटी खड्डा खणू देत नाही."

फोन स्पीकरवर होता. सोनाजीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "लिही. आत्ता लिही. बाप्तिस्मा झाला, मी डोळ्यांनी बघितलाय, खोटं काय त्यात? समोरच्या दुकानातून वही आणतो. शिक्का बनवायला अर्धा तास. नोंद क्रमांक एक."

बैल गेला अन् झोपा केला, हे मला कळत होतं. पण झोपा बांधायचाच तर आता बांधू, असं झालं होतं. मी दोनशे पानी रजिस्टर आणलं. सोनाजीनं पहिल्या पानावर रेघा मारल्या. तारीख लिहिली. नावाच्या रकान्यात 'च' काढला, आणि सोमेश्वरनं त्याचा हात धरला.

"हे काय, पास्टर?"

"रजिस्टर. ह्याचा उतारा धाडला का त्ये जागा देतेत."

"म्हंजे कागद."

"व्हय."

सोमेश्वर खाली बसला. मोठा गडी, पण गुडघ्यात डोकं घालून बसला. "पास्टर, घराचा स्लॅब बाकी हाय. पोरगं यंदा होस्टेलात लागलं. मी कुनाला भीत न्हाई, भावकीला बी न्हाई. मी कागदाला भीतो. आईला न्या, कुठं बी न्या, पन कागद करू नका."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी बघितला. कोणाला दोष द्यावा? त्या पोराला? त्याच्या पोटी लेकरू होतं. फोनवरच्या म्हाताऱ्याला? त्याला नियम होता. सोनाजीनं त्या 'च'कडे बराच वेळ बघितलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"न्या," तो सोमेश्वरला म्हणाला. "लाकडं सांगा."

दुपारी तीनला कयाधूच्या काठावर तिला अग्नी दिला. सोमेश्वरनं एवढं केलं की मंडळीला एक गीत म्हणू दिलं. पण उपासनेत खिडक्या हलवणारी ती माणसं त्या दिवशी नुसते ओठ हलवत होती. भावकी बघत होती ना. मोठ्यानं गायला तो एकटा सोनाजी, आणि त्याचाही आवाज दुसऱ्या कडव्याला फाटला. जिथं तिला पाण्यातून वर काढलं, तिथून ती जागा दिसत होती.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघं काठावर बसून राहिलो. मी समजुतीचं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुझ्या देवाला राखेतून उठवता येत नाही का रे?"

"येतं की," सोनाजी म्हणाला. "आगीत गेलेल्याला बी उठवतो, पान्यात बुडालेल्याला बी उठवतो. ट्रेनिंगात पहिल्याच महिन्यात शिकवलं व्हतं."

"मग तिला सांगितलं काहून नाही?"

तो नदीकडे बघत म्हणाला, "ती रस्त्यानं ज्याला त्याला सांगत जायची ना, मले पुरनार, मी उठनार. ते ऐकून लोकं यायची, भाऊ. दहा-बारा मानसं तिच्यामुळं आली. मले वाटलं, मंडळी वाढून राहिली, जागा बी होईल. आज सांगू, उद्या सांगू. ती भीत भीत मेली असंल. जाळतेत म्हनून भीत."

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो असा बसला होता की राग ठेवायला माझ्याकडे जागा उरली नाही. मी त्याच्या पाठीवरची हळदीची धूळ झटकत राहिलो.

पुढच्या रविवारी तो खुर्च्या न्यायला आला.

"किती?" मी विचारलं.

"तेहतीस."

"आणि एक?"

"नुस्त्या तेहतीस द्या." मग त्यानं बायबल उघडलं, तो घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "भाऊ, हे जाळून टाका. घरी ठेवायची भीती वाटती, कोनाच्या हाती लागलं तर सोमेश्वरचं घर जाईल. माझ्या हातानं जाळवत न्हाई. चार डाव काडी ओढली."

मी हो म्हणालो. तो खुर्च्या घेऊन गेल्यावर घडी उघडली. वर 'ख्रिस्ती मंडळी, हिंगोली', खाली एक निळा अंगठा आणि त्याच्या कडेला बोटाच्या हळदीचा पिवळा डाग. बाकी चोवीस ओळी कोऱ्या.

कागद माझ्या गल्ल्याखाली आहे. सोनाजीला वाटतं मी तो कधीच जाळला. मी जाळणार नाही. चतुरामावशीला एकदा जाळलंय, तेवढं पुष्कळ झालं.